बेचाळीसच होते

"झोपलीस?"

"पडले होते."

रोज पहाटे साडेपाचला त्या घरात एवढंच बोलणं होई. नवरा चहा ठेवी, ती दोघांचे डबे भरी. मग तो फ्रिज दुरुस्तीची पिशवी खांद्याला लावून निघे आणि ती रुग्णालयाच्या बसला उभी राही. दोन वर्षांपूर्वी याच चहावर दोघं हसत, भांडत, घरमालकाची नक्कल करत. आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं नाही. ते सगळं बोलणं रात्रीच होऊन जाई. रात्री एकला, पावणेतीनला, कधी चारला ती त्याच्या दंडाला हात लावी.

"अहो, अकरा नंबरचा सेट. मोजला होता ना मी?"

"मोजलास गं. झोप."

"सांगितलं होतं ना मी तुम्हाला संध्याकाळी, मोजला म्हणून?"

"सांगितलं होतंस."

तो हे डोळे न उघडता सांगे. कधीकधी तर झोपेतच सांगे. एका रात्री तिने मोजलं, तेव्हा सोळा वेळा त्याने "मोजलास" म्हटलं होतं. सोळाव्या वेळेनंतर दहा मिनिटांनी तिने मोबाइल उघडला आणि उशीखाली धरून दुपारी काढलेला सेटचा फोटो मोठा करून बघितला. फोटोत अवजारं पूर्ण होती. पण हा फोटो अकरा नंबरचाच कशावरून? नऊचा असेल तर? दोन्ही सेट सारखेच दिसतात.

आता तिचं काम काय, ते सांगायला हवं. रुग्णालयाच्या तळघरात एक विभाग आहे, तिथे शस्त्रक्रियेची अवजारं येतात. ती धुवायची, पुसायची, यादीप्रमाणे मोजून ट्रेमध्ये लावायची, ट्रे जाड कापडात गुंडाळायचा, त्यावर टेप मारायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायचा. टेपवर फिकट पिवळसर रेघा असतात. वाफ लागली की त्या काळ्या होतात. काळी रेघ म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, यादीवर दोघांच्या सह्या व्हायच्या. दुसरी सही झाली, टेप लागली, की तो सेट थेट शस्त्रक्रियागृहात उघडायचा. मधे कुणी हात लावायचा नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या मोठ्या सेटमध्ये बेचाळीस अवजारं असतात.

दोन वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेच्या शेवटी वर मोजताना एकेचाळीसच भरली. चाळीस मिनिटं सगळं थांबलं. एक चिमटा माणसाच्या पोटात राहिला की काय, म्हणून भूल दिलेल्या अवस्थेतच त्याचा एक्स-रे काढला. पोट रिकामं होतं. मुळात सेटच एकेचाळीसचा गेला होता. तो सेट तिने लावलेला नव्हता. त्यावर तिची सहीसुद्धा नव्हती. पण त्या दिवशी ती जास्तीचं कापड पोचवायला वर गेली होती आणि दारातून तिने ते बघितलं. झाकलेला माणूस, भोवती हात वर धरून उभे असलेले सहा जण, आणि कुणीच काही बोलत नाही.

त्या दिवसापासून तिने स्वतःचे सेट दोनदा मोजायला सुरुवात केली. मग तीनदा. मग फोटो.

याला कुणी आजार म्हटलं नाही. उलट कौतुक झालं! मागच्या वर्षी तिला 'सर्वांत दक्ष कर्मचारी' म्हणून चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. ते वाफेच्या यंत्राशेजारच्या भिंतीवर टांगलं होतं आणि वाफेने त्याच्या काचेच्या आत कायम ओल धरलेली असे. ज्याच्याबरोबर तिची जोडी होती, तो सहकारी सतत शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. शिट्टीनेच तिचं नाव पाडलं होतं, खात्रीताई.

"खात्रीताई, माझी बोटं मोजून घ्या बरं. काल दहा होती."

"गप रे. यादी दे इकडे."

"अहो, चौथ्यांदा? त्या कात्र्यांना पिल्लं झाली असतील एव्हाना. अशाने एक दिवस तुम्हाला चौदात बसवावं लागेल."

सगळे हसत. तीही हसल्यासारखं करी. चौदा म्हणजे खोली क्रमांक चौदा. तळघराच्या त्याच बोळात, टोकाला, मानसोपचाराची खोली होती. बाहेर एक लांब बाक. रुग्णालयात कुणी विसरभोळेपणा केला, कुणी चिडलं, कुणी रडलं, की "याला चौदात बसवा" हा विनोद ठरलेला. दिवसभर दुसऱ्यांना त्या खोलीचा रस्ता दाखवणारी माणसं स्वतः त्या बाकासमोरून जाताना पावलं उचलून जात.

त्या मंगळवारी ती सातला आली. पाळी आठची होती. रात्री पापणीला पापणी लागली नव्हती. भीती वाटत होती, असंही म्हणता येणार नाही. सुरुवातीला भीती असे, छाती धडधडे, तळव्यांना घाम येई. आता तेही होत नसे. डोक्यात एक वाक्य फिरत राही, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात पंखा फिरत राहावा तसं. एकेचाळीस असतील तर? एकेचाळीस असतील तर?

निर्जंतुक सामानाच्या खोलीत ती गेली. अकरा नंबरचा सेट खाली काढला, टेपच्या रेघा चांगल्या काळ्या होत्या. तिने टेप काढली, कापड सोडलं आणि मोजलं. बेचाळीस. ट्रे पुन्हा गुंडाळला. नवी टेप मारली. दारापर्यंत पोचली, आणि वाटलं, नऊ नंबरचं काय? तो कालच लावला होता. तोही उघडला. बेचाळीस. नवी टेप.

उघडलेला सेट पुन्हा यंत्रात घालावा लागतो, हे तिला माहीत होतं. अकरा वर्षं ती हेच शिकवत आली होती. पण हात आपले सवयीने चालत होते. जिथून काढले तिथेच तिने दोन्ही सेट ठेवले, टेपच्या रेघा फिकट पिवळ्या असताना.

साडेनऊला वरून फोन आला. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेने सेट हातात घेतला, टेप बघितली आणि जागच्या जागी थांबली. दुसरा मागवला. तोही तसाच. त्या मापाचे दोनच सेट होते. टेबलावर एक निवृत्त चित्रकला शिक्षक हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आणून झोपवले होते. आदल्या रात्रीपासून उपाशी, हाताला सुई टोचलेली. भूल द्यायची तेवढी बाकी होती. सेट पुन्हा यंत्रातून निघून थंड व्हायला दीड तास लागणार, आणि त्यानंतरच्या वेळा दुसऱ्यांना दिलेल्या. मास्तरांना तसंच ढकलगाडीवरून वॉर्डात परत नेलं. उद्या करू, म्हणून सांगितलं.

तिला हे कळलं तेव्हा ती कात्र्या पुसत होती. तिने ऐकलं, "बरं" म्हटलं आणि उरलेल्या कात्र्या पुसल्या. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, एवढंच तिला वाटलं.

विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. तीस वर्षांची नोकरी, आवाज कधी वर नाही. दुपारी त्यांनी तिला आणि शिट्टीला खोलीत बोलावलं. टेबलावर दोन्ही याद्या होत्या.

"कोणी उघडले?"

"मी," ती म्हणाली.

"का?"

"मोजायला."

"किती भरले?"

"बेचाळीस."

"आणि दुसऱ्यात?"

"बेचाळीसच होते."

मोठ्या सिस्टरनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे दोन्ही सेट बरोबर होते. स्वच्छ होते. तू उघडलेस म्हणून खराब झाले. बरं, मला एक सांग. मोजल्यावर खात्री पटली?"

"पटली."

"किती वेळ?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, शिट्टीने नाही, प्रमाणपत्र देणाऱ्यांनीही नाही. तिने खरोखरच आठवून बघितलं.

"दारापर्यंत," ती म्हणाली.

मग शिट्टीनेच घसा साफ केला. तो त्या वेळी शीळ घालत नव्हता.

"मोठ्या सिस्टर, माझंही लिहून घ्या. दुसरी सही माझी आहे. पण मी मोजलेलं नाही."

"हे दोन सेट?"

"वर्षभर कुठलाच सेट नाही. म्हटलं, त्या चार वेळा मोजतात, मी पाचवा कशाला? सही ठोकायचो."

ती पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर ती ज्या दुसऱ्या मोजणीवर टेकून घरी जात होती, ती मोजणी झालीच नव्हती!

"ऐकलंस?" मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या. "तू चार वेळा मोजतेस म्हणून हा एकदाही मोजत नाही. या विभागात दोन माणसांची तपासणी होती, ती एकीवर आली. आणि ती एक रात्रभर जागी असते. तुझ्या काळजीने सुरक्षितता वाढली नाही गं, निम्मी झाली. यात चूक तुझी एकटीची नाही. हा आळशी, आणि मी आंधळी. आजाराला आम्ही चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं!"

"आजार नाही तो," ती म्हणाली. "मला काळजी वाटते, एवढंच. काळजी करू नको म्हणून सगळे सांगतात. मी प्रयत्न करते."

"किती रात्री झोपली नाहीस?"

"मोजल्या नाहीत."

"तेवढंच मोजायचं राहिलं का?" शिट्टी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण तिला हसू आलं. कोरडं, नाकातून आलेलं, पण हसूच.

"उद्या अकरा वाजता चौदामध्ये जायचं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

हसू गेलं. "मी वेडी नाहीये, सिस्टर."

"मास्तरांना हर्निया झालाय. ते वेडे आहेत का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? आतडं जागचं सरकलं तर टेबलावर झोपायला लाज नाही, आणि विचार अडकून बसला तर बाकावर बसायला लाज? इथे दिवसभर तूच लोकांना वाट दाखवतेस ना, 'सरळ जा, शेवटची खोली' म्हणून? मग शेवटच्या खोलीत काय भुतं बसवलीत आम्ही?"

चौकशी होणार हे ठरलेलंच होतं. दोघांच्या कागदावर ताकीद आली आणि तिला सहा आठवडे सेट लावण्यावरून काढून धुण्याच्या बाजूला टाकलं. सहा आठवड्यांनंतर बघू, असं वरून लेखी आलं. तोवर सुधारणा नसेल, तर तळघरातली तिची जागा जाणार होती.

संध्याकाळी ती वॉर्डात गेली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. मास्तर खिडकीशी बसून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने समोरच्या पाण्याच्या टाकीचं चित्र काढत होते.

"सकाळचा सेट माझ्यामुळे खराब झाला," ती म्हणाली.

मास्तरांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अस्सं. मला सांगितलं, तांत्रिक कारण. तुम्ही का ते तांत्रिक कारण?"

"हो."

"कसं काय खराब झालं?"

"बरोबर आहे का ते उघडून बघितलं."

"हं." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "बाई, काल रात्रभर मी जागा होतो. पोट कापणार म्हणून. कशीबशी सकाळ केली. आता तुमच्या कृपेने आज रात्री परत. रागावत नाही मी. पण एक माणूस तुम्ही आणखी एक रात्र जागवलात, ते तुमच्या लक्षात असू द्या."

आपली काळजी आपल्यापुरती आहे, आपण रात्र जाळतो ती आपली, असं ती दोन वर्षं धरून होती. ते खरं नव्हतं! नवरा, शिट्टी आणि आता हे मास्तर. तिच्या काळजीत किती जण ओढले गेले होते!

दुसऱ्या दिवशी अकराला ती चौदाच्या बाकावर बसली. अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून, पदराने अर्धा चेहरा झाकून. मास्तरांची शस्त्रक्रिया त्याच वेळी वर चालू होती. ती नीट पार पडली.

चौदाच्या डॉक्टरबाई तिच्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी तिला समजावलं नाही, शांत राहा म्हटलं नाही. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. फोटो किती, मोजणी किती, रात्री नवऱ्याला किती वेळा उठवता. मग म्हणाल्या, "विचार येऊ नये, हे आपलं ध्येय नाही. तो येणार. मलाही येतात असले विचार. तुमचं काय होतं, विचार आला की तुम्ही त्याला काहीतरी देता. मोजून देता, फोटो बघून देता, नवऱ्याचं 'मोजलास' देता. तो घेतो, दहा मिनिटं गप्प बसतो आणि पुन्हा दारात. आता द्यायचं काही नाही. येऊ दे, बसू दे."

"आणि खरंच एकेचाळीस असतील तर?"

"असतीलही."

ती दचकली. "असतीलही?"

"शंभर टक्के खात्री मी नाही देणार तुम्हाला. कुणीच देऊ शकत नाही. त्यासाठीच दुसरी सही असते, वर पुन्हा मोजणी असते. शंका पोटात ठेवून घरी जायचं आणि जेवायचं. हेच शिकायचंय."

काही दिवसांसाठी औषध लिहून दिलं. ते घ्यायलाही तिने दोन दिवस लावले, हे सांगायला हवं. पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. "यापुढे उत्तर द्यायचं नाही," डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या.

"अहो, पण एक शब्द बोललं की ती शांत होते."

"किती वेळ?"

तो एकदम म्हणाला, "आमच्याकडे गिऱ्हाइकं येतात. फ्रिज गार होत नाही म्हणून तक्रार. जाऊन बघावं, तर फ्रिज ठणठणीत. बर्फ झाला का, बर्फ झाला का, म्हणून दर पाच मिनिटांनी दार उघडतात. मी तिथे लेक्चर देतो, दार बंद ठेवा. आणि घरी दोन वर्षं मीच दार उघडून धरलंय की!"

त्या रात्री पावणेतीनला तिने त्याच्या दंडाला हात लावला.

"अहो, धुतलेली अवजारं मोजली होती ना मी?"

तो पूर्ण जागा झाला होता. अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता. "याचं उत्तर मी देणार नाही," तो म्हणाला. "पण जागा आहे मी."

ती चिडली. उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. त्याला दगड म्हणाली. सकाळपर्यंत झोप आली नाही. पहिला आठवडा असाच गेला, उलट आणखी वाईट. तिसऱ्या आठवड्यात तिने मोबाइलमधले फोटो पुसले, चारशे बारा. त्याच संध्याकाळी ते परत मिळवता येतात का, म्हणून तिने दुकानात चौकशी केली. हेही डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? मिळवलेत?" "नाही." "झालं तर!"

सहाव्या आठवड्यानंतर तिला पुन्हा सेट दिला. बेचाळीसचा. तिने एकदा मोजला, सही केली. शिट्टीने बाही वर करून मोजला, मोठ्याने, पहिलीतल्या पोरासारखा. "एकेचाळीस... बेचाळीस. घ्या सही. आणि या वेळी खरी आहे हं." टेप लागली. सेट यंत्रात गेला, काळ्या रेघा घेऊन बाहेर आला आणि कपाटात बसला.

दारापर्यंत पोचली आणि वाक्य आलंच. एकेचाळीस असतील तर? तळव्याला घाम आला. कित्येक महिन्यांनी तिला भीती वाटली, खरीखुरी, छातीत. सुन्नपणापेक्षा ती बरी होती. तिचा हात दाराच्या कडीवर दोन मिनिटं तसाच राहिला. मग तिने दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं.

"काय खात्रीताई?" बोळात शिट्टी उभा होता.

"खात्री नाही रे," ती म्हणाली. "चल, बस जाईल."

भिंतीवरचं प्रमाणपत्र मोठ्या सिस्टरनी काढलं. तिथे खिळा आहे, त्यावर आता हातमोज्यांचं पाकीट लटकतं. ती महिन्यातून एकदा चौदाच्या बाकावर जाते, आता टोकाला नाही, मधे बसते. परवा बसली असताना कुणीतरी पुढ्यात येऊन थांबलं. तिने वर बघितलं. टेप बघून सेट अडवणारी शस्त्रक्रियागृहातली परिचारिका होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बोळात पुढेमागे नजर टाकत तिने हळूच विचारलं, "इथे कुणी बसलंय?"

"मी बसलेय," ती म्हणाली आणि सरकली. "ये."

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत अशी माणसं आहेत. कुलूप तीनदा ओढणारी, गॅस पाचदा बघणारी, रात्री एकच वाक्य घोळवत छताकडे बघणारी. त्यांना आपण दक्ष म्हणून गौरवतो, नाहीतर नाव पाडून हसतो, नाहीतर "विचार करू नको" सांगून कूस बदलतो. यातलं एकही औषध नाही. शंका आली म्हणजे चूक झाली असं नव्हे, आणि पुन्हा पुन्हा तपासून कुणाला खात्री मिळालेली नाही. आपलं काम एकदा नीट करावं, दुसऱ्याने त्याचं करावं. एवढं करूनही झोप येत नसेल, तर हर्नियाचा रोगी ज्या सरळपणे डॉक्टरकडे जातो, त्याच सरळपणे आपणही जावं. आणि जो आधी जाऊन बसला आहे, त्याने पुढच्यासाठी बाकावर थोडं सरकावं.